झिपरू सरांचा उतार

झिपरू सरांची गाडी घाट चढताना रिकामी असे आणि उतरताना गच्च भरलेली. बाकीची माणसं तोरणमाळला गाडी भरून जातात, तलाव बघतात, भजी खातात आणि गेली तेवढीच परत येतात. सर एकटे जात आणि येताना तीन-चार माणसं, दोन टोपल्या सीताफळं आणि एखादं अमचूराचं पोतं घेऊन येत. या सगळ्याला मिळून ते 'वजन' म्हणत. घरी आल्यावर बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, सांगत, "आज वजन चांगलं मियनं." काकू विचारत, "जेवनं का?" दोघांचं संभाषण तिथंच संपे.

मी आता पुण्याकडच्या एका कारखान्यात गाड्यांच्या बॅटऱ्या तपासण्याचं काम करतो. ब्रेक दाबल्यावर वीज परत बॅटरीत कशी जाते, हे शिकवायला मागच्या महिन्यात आमच्याकडे एक तरुण साहेब आले होते. पडद्यावर हिरवे बाण धावत होते. त्यांनी विचारलं, "हे आधी कोणी प्रत्यक्ष पाहिलंय का?" मी हात वर केला, पण सांगायला तोंड उघडलं तर पहिला शब्द 'सीताफळ' असा आला आणि सगळे हसले. मी खाली बसलो. जे सांगायचं राहिलं, ते इथं लिहितो आहे.

सर आम्हाला आमच्या गावी, रनाळ्याला, आठवी ते दहावी विज्ञान शिकवत. पूर्ण नाव झिपरू दौलत पाटील. गाव त्यांना आप्पा म्हणे, आम्ही सर. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या सदऱ्याच्या खिशात खडूचा तुकडा असे. फळा नसला तर ते भिंतीवर, दगडावर, गाडीच्या धुळीनं भरलेल्या बॉनेटवर बाण काढत. शिकवताना ते पुस्तकी मराठी बोलत. राग आला, आनंद झाला किंवा एखादी गोष्ट खरोखर पटवून द्यायची असली, की अहिराणीवर येत. "ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही," असं ते म्हणाले की आम्ही वहीत लिहून घ्यायचो. मग ते पुढे वाकून म्हणत, "आरे, ती कोठेच जात नही रे पोऱ्या. आठेच कोठे तरी दडी बसेल ऱ्हास." तेव्हा आम्हाला ते समजायचं.

माझे वडील सालदार, दुसऱ्याच्या शेतात वर्षाच्या बोलीवर राबणारे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय असतं हे विचारायला कोणी नव्हतं. डिप्लोमाचा फॉर्म सरांनी भरला, खाली सहीही त्यांनीच केली. मोटारीचा विषयही त्यांनीच निवडला. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "जे हलतं ते शीक. जे उभं असतं त्याच्यातल्या चुका लवकर दिसत नाहीत." नंतर मी पदवीपर्यंत गेलो. माझ्या घरात आज जी काही पुस्तकं आहेत, त्यांच्यामागे सरांची ती सही आहे.

पण सर प्रेमळ वगैरे होते असं कोणी समजू नये. प्रयोगवहीच्या बाबतीत ते कसायासारखे होते. एकदा लंबकाच्या प्रयोगात माझं उत्तर पुस्तकात दिलंय तेवढंच आलं, दशांश चिन्हानंतरच्या आकड्यापर्यंत. सरांनी वही बघितली, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "तुझा लंबक फार शहाणा दिसतो," आणि शून्य दिलं. माझ्या शेजारच्या मुलीचं उत्तर साफ चुकलं होतं. तिनं खाली लिहिलं होतं, 'वारा होता.' तिला पैकीच्या पैकी मिळाले.

गाडी आली ती प्रशांतदादामुळे. प्रशांतदादा म्हणजे सरांचा एकुलता मुलगा. पुण्यात मोठ्या हुद्द्यावर होता. कंपनीनं वापरायला दिलेली गाडी मुदत संपल्यावर त्यानं स्वतःच घेतली, आणि दोन वर्षांसाठी परदेशी जाताना रनाळ्याला आणून लावली. लांब, काळी, बुटकी, साहेब लोकांची गाडी. मागच्या सीटवर बसणाऱ्यासाठी पाय लांब करायला जागा आणि वाचायला स्वतंत्र दिवा. प्रशांतदादा म्हणाला, "आप्पा, फक्त झाकून ठेवा. आठवड्यातून एकदा चालू करा, बस." सर हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी गाडीचं कव्हर खळ्यातल्या मिरचीच्या ढिगावर होतं आणि सर गाडीखाली.

जाण्याआधी प्रशांतदादानं आईवडिलांना गाडीचा जोर दाखवला होता. विसरवाडीजवळ महामार्ग मोकळा मिळाला तसं त्यानं एक बटण दाबलं आणि पाय दाबला. आवाज फारसा झाला नाही. गाडी फक्त पुढं गेली, आणि काकूंच्या मांडीवरचा शेवेचा डबा मागच्या काचेवर गेला. काकू सीटला चिकटून म्हणाल्या, "आरे भाऊ, थांब! पोटनं जेवन मांगे राही गयं!" प्रशांतदादा अभिमानानं म्हणाला, "सहा-सात सेकंदांत शंभर, आप्पा." सरांनी विचार केला. म्हणाले, "पण सहा-सात सेकंदांत जायचं कोणाकडे आहे?" ते बटण सरांनी नंतर कधीही दाबलं नाही.

मी सुट्टीत घरी आलो तेव्हा सरांनी गाडीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन संपवलं होतं. समासात पेन्सिलीनं शेरे होते: 'अस्पष्ट', 'पुराव्यानिशी सांगावे'. मला गाडीपाशी नेऊन त्यांनी दोन झाकणं उघडून दाखवली, एकीकडे पेट्रोलचं आणि दुसरीकडे विजेचं.

"याच्यात दोन भाऊ आहेत," ते म्हणाले. "मोठा पेट्रोलवर. बोलतो फार, खातो फार, पण लांबच्या कामाला तोच. धाकटा विजेवर. तोंडातून शब्द नाही, हाक मारायच्या आत कामाला लागतो, पण दमतो लवकर. दोघं एकाच गिअरबॉक्सला जुंपलेत. कोणी कधी ओढायचं ते तिसराच ठरवतो. कॉम्प्युटर. तो दिसत नाही, पण त्याच्याशिवाय पान हलत नाही. तुझ्या काकूसारखा."

आतून काकू म्हणाल्या, "मी ठरावस म्हनीसन हाई घर चालस."

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. हीच गोष्ट आम्हाला कॉलेजात तीन आठवडे शिकवली होती आणि मला ती त्या दिवशी कळली.

धाकट्याला पाजायची अडचण होती. घरी चार्जर लावला की मिक्सर बंद पडे, पंखा कण्हे आणि शेजारच्या घरातूनही हाका येत. मग सरांनी विहिरीवरच्या मोटारीच्या खोपटात एक बोर्ड बसवून घेतला. शेतीची लाइन कधी कोणत्या वेळी येणार हे ठरलेलं असे, त्यामुळे गाडीलाही वेळापत्रक आलं. सर दुपारी ती बैलवाटेनं हळूहळू विहिरीवर नेत, आंब्याखाली उभी करत, आणि लाइन गेली की परत आणत. वाटेत बांधावरचे लोक विचारत, "आप्पा, गाडी पानी पिनी का?"

"अर्धी पिनी. लाइन गयी."

विजेवर चालताना गाडीचा आवाज अजिबात येत नसे. एक दिवस ती गावातून जाताना वाटेत बसलेली म्हैस उठलीच नाही. सर मागे थांबून राहिले. हॉर्न वाजवणं त्यांना असभ्य वाटे. पाऊण तास गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीच्या पुढच्या जाळीला बैलांची जुनी घुंगरमाळ बांधली. तेव्हापासून ती साहेब लोकांची काळी गाडी छुन्नक छुन्नक करत येऊ लागली आणि म्हशी आपोआप उठू लागल्या. सरांच्या घरी आता बैल नव्हते, पण पोळा होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांच्या आतल्या दांड्यांना, बैलांच्या खांद्यांना लावतात तसं, हळद आणि तूप लावून खांदेमळणी केली. पोळ्याच्या दिवशी गाडी जुंपली नाही. त्या दिवशी काकूंना बाजारातून डाळ हवी होती; त्या रिक्षानं गेल्या.

आता उताराकडे येतो.

ब्रेक दाबला की धाकट्याची मोटारच उलटी राबते आणि बॅटरी भरते, हे पुस्तकात होतं. सरांना ते वाचून चार दिवस झोप नीट लागली नाही. पाचव्या दिवशी ते तोरणमाळला गेले. चढ मोठ्या भावाकडून काढून घेतला, धाकट्याला वर पोचेपर्यंत पूर्ण रिकामा ठेवला. भरलेलं भांडं घेऊन विहिरीवर कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. उतरताना पडद्यावरचा आकडा वाढत वाढत गेला. खाली आल्यावर गाडी म्हणत होती, आता मी इतके किलोमीटर फुकट जाईन. सर मला फोनवर म्हणाले, "आरे, वीज डोंगरनी दिनी रे! डोंगरनी दिनी!"

मग त्यांनी बॉनेटच्या धुळीत बाण काढले. जितकं वजन जास्त, तितकी उतारावर वीज जास्त. पण वजन वर न्यायला पेट्रोल लागतं. म्हणून वजन वरच मिळालं पाहिजे.

पहिला उपाय त्यांनी केला तो गोटूशेठचा. गोटूशेठ आमच्या गावचे किराणा दुकानदार, एकशे अठरा किलो. सरांनी त्यांना त्यांच्याच दुकानातल्या धान्याच्या काट्यावर उभं करून मोजलं होतं. सरांनी त्यांना तिकीट काढून एस.टी.नं तोरणमाळला पाठवलं, आणि स्वतः रिकामी गाडी घेऊन मागून गेले. का, हे शेठना नीट सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, देवदर्शन आहे. घाटातल्या वळणांवर शेठना तीन वेळा उलटी झाली. वर पोचल्यावर सरांनी त्यांच्याकडे काळजीनं बघितलं आणि विचारलं, "किती कमी झालं असेल?"

गोटूशेठ पुन्हा कधी गेले नाहीत. पण त्याच दिवशी वर तलावाच्या वळणावर सरांना रूमलीबाई भेटली.

रूमलीबाई डोंगरातल्या पाड्यावरची. सीताफळं, अमचूर, कधी मध घेऊन शहाद्याच्या बाजाराला उतरायची. बस कधी येईल याचा नेम नसे आणि जीप आली तर मागच्या दांडीला लोंबकळून जावं लागे. सरांनी गाडी थांबवली. पुढचं संभाषण सरांनीच मला सांगितलं, आणि नंतर रूमलीबाईनंही सांगितलं. दोन्हीत फरक नव्हता.

"बाई, खाली जायचंय?"

"जायचं. किती घेशील?"

"काही नाही. तुमचं वजन किती?"

रूमलीबाई दोन पावलं मागं सरली. "म्हातारा, सीताफळाचा भाव विचार. माझं वजन कशाला विचारतो?"

सरांनी तिला तिथंच रस्त्यावर खडूनं बाण काढून सगळा सिद्धान्त समजावून सांगितला. तिनं ऐकलं. म्हणाली, "म्हणजे आमी बसलो की तुझी गाडी भरते."

"बरोबर!"

"मग तू आमाला पैशे दे."

सर सांगत, की विद्यार्थ्याकडून त्यांना इतक्या लवकर इतका बिनतोड प्रश्न कधी आला नव्हता. शेवटी फुकट नेण्यावर तोड निघाली. दर बाजाराच्या दिवशी सर रिकामे वर जात. वळणावर रूमलीबाई, तिची जाऊ आणि खेत्यादादा नावाचा एक उंच, अबोल माणूस उभे असत. कधी त्यांच्याऐवजी दुसरे. सर गाडीतून उतरून "वजन आहे का कोणी?" असं विचारत, आणि ते हात वर करत.

खेत्यादादा बोलत नसे, पण त्याला सरांचं फार कौतुक होतं. म्हातारा फुकट नेतो तर आपणही काही द्यावं, म्हणून एकदा त्यानं सरांना न सांगता डिकीत सहा मोठे काळे दगड ठेवले. खाली आल्यावर सरांनी आकडा बघितला आणि थक्क झाले. मग डिकी उघडली. रागावतील असं वाटलं, पण त्यांनी खेत्यादादाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तू बी.एस्सी. करायला पाहिजे होतं." तेव्हापासून दगड ठरलेलेच झाले. घाट संपला की मात्र ते उतरवायचे, कारण सपाट रस्त्यावर वजनाचा फायदा नाही, भारच होतो. घाटाच्या पायथ्याशी तोरणमाळच्या दगडांचा ढीग वाढत गेला. एका गुराख्यानं त्याला शेंदूर लावला.

असं दीड वर्ष चाललं. मग प्रशांतदादा परत आला.

त्यानं गाडीचं दार उघडलं आणि आत वाकला. आतून अमचूराचा आंबट वास आला. मागच्या सीटवरचा वाचायचा दिवा कोणीतरी दोरीनं बांधला होता. त्याला रूमलीबाई पिशवी अडकवायची. प्रशांतदादानं दार हळूच लावलं. त्याला गाडीचं वाईट वाटलं असेल, पण खरं दुःख दुसरंच होतं. वडील अडुसष्ट वर्षांचे, दर आठवड्याला एकटे घाट चढतात, हे त्याला गावातून कळलं होतं. रात्री जेवताना तो म्हणाला, "आप्पा, सुरतचा एक माणूस गाडी घ्यायला तयार आहे. पुढच्या आठवड्यात नेईल." मी तेव्हा नोकरीला लागून वर्ष झालं होतं, सुट्टीवर आलो होतो आणि त्यांच्याच ओट्यावर बसलो होतो.

सर म्हणाले, "प्रयोग अपुरा शे."

"कोणता प्रयोग?"

"वर धाकला रिकामा. तठून शहाद्याना स्टँडपर्यंत मोठा भाऊ एकदाही बोलाले नको. निस्ता डोंगरवर. अजून जमेल नही."

प्रशांतदादा हसला. तो त्यांचाच मुलगा होता. त्यानंही लहानपणी शून्यं घेतली होती. म्हणाला, "बरं. एकदा करा. पेट्रोल चालू न होता स्टँडपर्यंत आलात, तर गाडी तुमची, मी पुन्हा नाव काढणार नाही. चालू झालं, तर किल्ली माझी."

"मंजूर," सर म्हणाले. मग माझ्याकडे बोट केलं. "हा साक्षीदार. पडद्यावर याचं लक्ष." मी किती भरतो ते त्यांनी विचारलं. पंचावन्न, म्हणालो. सर निराश झाले.

सरांनी त्या रात्री किंवा नंतर कधीही असं म्हटलं नाही, की गाडी गेली तर रूमलीबाई बाजाराला कशी येईल. पण त्यांनी जेवण अर्धं टाकलं होतं, आणि काकूंनी ते ताट तसंच उचलून नेलं.

बाजाराच्या दिवशी आम्ही वर गेलो. प्रशांतदादा शहाद्याच्या स्टँडवर थांबला. वळणावर मागं तिघं बसले: रूमलीबाई, जाऊ, खेत्यादादा. पायाशी टोपल्या. डिकीत आठ दगड. मी कमी भरतो म्हणून माझ्या मांडीवर अमचूराचं पोतं. पडद्यावर बॅटरीचा आकडा होता एक टक्का.

सरांनी हात जोडले, नेमके कोणाला ते कळलं नाही, आणि ब्रेक सोडला.

तो घाट मी अनेकदा उतरलो आहे, पण तसा पुन्हा नाही. इंजिनचा आवाज नाही. फक्त घुंगरं, आणि प्रत्येक वळणावर ब्रेकबरोबर येणारी एक बारीक गुणगुण. सर पाय असा ठेवत होते, जसा दुधाच्या चुलीखालचा जाळ कोणी सारखा करतं. दोन झाले. चार झाले. मागून रूमलीबाई विचारी, "किती भरलं?" मी सांगे. ती ते शेजारच्या दोघांना आपल्या भाषेत सांगे आणि तिघं खूश होत, जणू त्यांच्याच घरात धान्य येत होतं. एका वळणावर सर म्हणाले, "सगळ्यांनी जड बसा." सगळे जड बसले. मीही बसलो. इंजिनिअर असून बसलो.

पायथ्याशी आम्ही दगड उतरवले. मी आकडा बघितला आणि मनात हिशोब मांडला. पुढचं अंतर आणि बॅटरी यांत थोडी तूट होती. फार नाही. तीन माणसांचं वजन कमी झालं तर ती भरून निघाली असती. मी शिकलेला माणूस, मला ते लगेच दिसलं, आणि मी ते बोललोही.

"सर, इथून पुढे वजनाचा तोटाच आहे. यांना इथं उतरवलं तर पोचतो. यांना मागून जीप मिळेल."

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोरच बघत म्हणाले, "बाजार आठे भरस का?"

रूमलीबाईला सगळं समजलं होतं. तिनं दाराची कडी धरली. "उतरू, मास्तर?"

"बस," सर म्हणाले. "दार लाव. हवा आत येते."

मग सपाट रस्ता लागला. सरांनी काचा लावल्या, एसी बंद ठेवला. आत आम्ही पाच जण, सीताफळं आणि उन्हाळ्यासारखा घाम. सर एका उसाच्या ट्रॉलीच्या मागं मागं चालले, वारा तिनं अडवावा म्हणून. ट्रॉलीवर बसलेला माणूस वळून वळून आमच्याकडे बघत होता. एवढी मोठी गाडी, पुढं घुंगरं, काचा बंद, आणि ट्रॅक्टरला ओव्हरटेक करत नाही.

शहाद्याची पहिली घरं दिसली तेव्हा आकडा एक होता. पेट्रोलपंप आला तेव्हा शून्य. सर ओरडले, "धाकला थकना!" आणि मोठा भाऊ तोंड उघडायच्या आत त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकली. गाडी आपल्या वेगानं थोडी गेली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. स्टँडची पाटी समोर दिसत होती.

मग मागची दोन्ही दारं उघडली. मला वाटलं, ती माणसं पायी निघाली. पण गाडी हलली.

मी मागं बघितलं. रूमलीबाईनं पदर खोचला होता, जाऊ एका बाजूला, आणि मध्ये खेत्यादादा दोन्ही हात डिकीवर टेकून. सरांनी काच खाली केली आणि मान बाहेर काढली.

"हात काढा! हात काढा आरे! प्रयोग बिघडेल!"

"बिघडू दे," रूमलीबाई म्हणाली. "बाजार उठेल."

"बाह्य बल लागतंय!"

"लागू दे!"

ट्रॉलीवरचा माणूसही उडी मारून आला. पुढं एक भेळवाला, मग दोन कॉलेजची मुलं. सर स्टिअरिंग धरून सारखे "नका, नका" म्हणत होते आणि गाडी छुन्नक छुन्नक करत शहाद्याच्या स्टँडमध्ये शिरत होती. प्रशांतदादा चहाचा कप हातात घेऊन उभा होता. त्यानं तो कप न पिताच कट्ट्यावर ठेवला. गाडी त्याच्या पायाशी थांबली. तो हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते.

"पेट्रोल?" त्यानं मला विचारलं.

"एक थेंब नाही," मी म्हणालो. आणि ते खरं होतं.

"आप्पा, जिंकलात. गाडी तुमची."

सर गाडीतून उतरले. सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी किल्ली काढली आणि प्रशांतदादाच्या हातावर ठेवली.

"नाही," ते म्हणाले. "शेवटचे तीनशे मीटर बाह्य बल होतं. प्रयोग फसला."

"आप्पा, मी म्हणतोय ना, ठेवा."

"तू म्हनस रे. प्रयोग नही म्हनत."

प्रशांतदादानं पुष्कळ समजावलं. काकूंनी फोनवर समजावलं. रूमलीबाईनं तर साफ सांगितलं, "मास्तर, तू वेडा आहेस." सरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मान हलवली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या माणसाला स्वतःची तपासायची वेळ आली होती, आणि त्यांनी ती तपासली. सुरतचा माणूस ठरल्या दिवशी आला आणि गाडी घेऊन गेला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी पुण्याची बस धरायला शहाद्याला आलो होतो. सकाळची वेळ. तोरणमाळची एस.टी. लागली होती आणि तिच्या दाराशी सर उभे होते. काखेत मोठा पुठ्ठा.

मी पाया पडलो. "सर, कुठं?"

"वर."

"पण गाडी तर..."

"ते उभे राहतील ना तिथं. फोन लागत नाही. कोणीतरी सांगायला पाहिजे."

मी पुठ्ठ्याकडे बघितलं. त्यावर मोठ्या अक्षरात एस.टी.चं वेळापत्रक लिहिलं होतं, वर चहाच्या टपरीवर लावण्यासाठी. दोन रकाने होते. एकात फलकावरची वेळ, दुसऱ्यात प्रत्यक्ष वेळ. दुसरा रकाना भरायला सर तीन दिवस स्टँडवर येऊन बसले होते. वर जाणाऱ्या गाड्या पूर्ण झाल्या होत्या. वरून खाली येणाऱ्या गाड्यांच्या पुढे अजून जागा कोरी होती.

"त्या वरूनच बघाव्या लागतील," सर म्हणाले.

कंडक्टरनं बेल दिली. सर चढले. बस जवळजवळ रिकामी होती. ते खिडकीशी बसले, पुठ्ठा मांडीवर घेतला. मी हात हलवला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. बस हलली तेव्हा त्यांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, खिशातून पेन्सिल काढली, आणि सुटायची वेळ लिहून घेतली.